दगडाबाईचं हिरवं कार्ड

पुणे
१४ जुलै २०२४

प्रिय राजूताई,

सप्रेम जयभीम. काल फोनवर तू विचारलंस की आवाज असा घोगरा का येतोय, आणि मी सर्दीवर ढकललं. सर्दीबिर्दी काही नाही. दोन दिवस रडत होते. तुझ्या घरी फोन स्पीकरवर असतो, दाजी शेजारी चहा पीत बसलेले असतात, म्हणून बोलले नाही. मेसेज करावा तर त्याचा फोटो निघून नको तिथे फिरतो. तेव्हा होस्टेलच्या दिवसांसारखं पत्रच लिहितेय, आणि तुझ्या दवाखान्याच्या पत्त्यावर पाठवतेय. तूही पत्रानंच उत्तर दे.

आमचा शोधनिबंध छापून आला. 'आमचा' हे सवयीनं लिहिलं. डॉ. शिवशंकर यांचा शोधनिबंध छापून आला. पहिलं नाव तेजश्रीचं, म्हणजे त्यांच्या चुलत बहिणीचं, जी आमच्या प्रयोगशाळेत वर्षभर नुसती फिरती खुर्ची फिरवत बसली होती. शेवटचं नाव साहेबांचं. मी कुठे आहे, तर आभाराच्या परिच्छेदात, 'तांत्रिक मदत' या शब्दांखाली, रक्ताच्या नळ्या आणणाऱ्या गाडीच्या ड्रायव्हरशेजारी. ड्रायव्हरबद्दल माझी तक्रार नाही, त्यानं निदान गाडी चालवली होती.

मी तीन वर्षं काय केलं ते एकदा नीट लिहिते, कारण दाजी म्हणतात ही पोरगी कॉम्प्युटरसमोर नुसती बसून असते. उसाच्या फडात बायका कंबर-गुडघे दुखतात म्हणून दुखण्याच्या गोळ्या शेंगदाण्यासारख्या खातात. बऱ्याच जणींना काही होत नाही. काही जणींची मूत्रपिंडं मात्र हळूहळू निकामी होतात. गोळीचा रेणू शरीरातल्या प्रथिनांना जाऊन चिकटतो आणि ही प्रथिनं सगळ्यांची सारखी नसतात. कोणत्या बाईत तो रेणू कुठे आणि किती घट्ट अडकून बसेल, हे तिच्या रक्तावरून आधीच सांगणारं गणित मी बसवलं. संगणकाला तलवाड्याच्या बायकांचं रक्त दाखवून शिकवलं आणि मग त्यानं कधीच न पाहिलेल्या धारूरकडच्या बायकांवर त्याची परीक्षा घेतली. जवळजवळ सगळी उत्तरं बरोबर आली. त्या दिवशी साहेबांनी पेढे मागवले होते.

परवा मी त्यांच्या केबिनमध्ये गेले आणि म्हणाले, सर, माझं नाव राहिलंय. ते चिडलेसुद्धा नाहीत. चष्मा पुसत म्हणाले, "पौर्णिमा, तुम्हा लोकांना जागा मिळते, ती सरकार देतं. नाव मात्र कमवावं लागतं." मग म्हणाले की माझी फेलोशिप ऑगस्टमध्ये संपतेय आणि ती वाढवणं त्यांच्या हातात नाही.

ताई, मला न्याय वगैरे नको आहे. मला हा माणूस सगळ्यांसमोर तोंडावर पडलेला बघायचाय. कसा ते अजून माहीत नाही, पण त्याशिवाय मला झोप लागणार नाही.

मावशीला यातलं काही सांगू नकोस. आई उसतोडीला गेली की सहा-सहा महिने मला तुझ्या आईनंच सांभाळलं. आता ती तलवाडाभर सांगत फिरते की माझ्या पुनीनं रक्त बघून आजार सांगायचं मशीन केलंय. फिरू दे तिला.

तुझी,
पुनी


धारूर
२८ जुलै २०२४

प्रिय पुनी,

जयभीम. पत्र ड्यूटीवरच मिळालं. वाचता वाचता एका पेशंटचं सलाईन संपलं तरी माझं लक्ष नव्हतं, त्याच्या बायकोनं ओरडून भानावर आणलं. हात असे शिवशिवतायत की विचारू नकोस. तुझे साहेब कधी आमच्या दवाखान्यात आले तर त्यांना मी मुद्दाम बोथट सुई लावीन.

त्या घराण्याचं असंच आहे. तुझ्या साहेबांचे वडील विठ्ठलराव इथे कोणाच्याही लग्नात आधी जाऊन मधल्या खुर्चीवर बसतात, मग मुलानं कागदावर तेच केलं तर नवल काय. आता विठ्ठलरावांनी जाहीर केलंय की यंदा गाळप सुरू व्हायच्या आधी त्यांच्या साखर कारखान्याच्या सगळ्या ऊसतोड टोळ्यांतल्या बायकांना कार्डं वाटणार. हिरवं कार्ड म्हणजे गोळ्या खाऊन काही होणार नाही. लाल कार्ड म्हणजे गोळी बंद आणि दर महिन्याला तपासणी. म्हणजे तुझं गणित आता प्लास्टिकमध्ये घालून गळ्यात लटकणार, आणि वर फोटो विठ्ठलरावांचा.

जरा हसवते तुला. गेल्या वर्षीचं तुमचं रक्ताचं शिबिर इथे पंचमीला ठेवलं होतं, आठवतं? नावं लिहायला मीच बसले होते. पंचमी म्हटल्यावर साऱ्या लेकी माहेरी आलेल्या, त्यात रक्त दिलं की स्टीलचा डबा मिळणार, मग काय, रांग पार वेशीपर्यंत. त्या रांगेत माझी आई, तुझी लाडकी मावशी. मामाकडे पंचमीला आली होती. मी म्हटलं, आई, तू तर महिन्यापूर्वीच तलवाड्यात रक्त दिलंस, तिथला डबा घरी आहे. तर म्हणते कशी, "ती इमल होती. इमल सासरची. हितं मी दगडाबाई हाय, लिही गुमान."

तुला माहीतच आहे, तिच्या आधीची दोन लेकरं जगली नाहीत म्हणून आजीनं तिचं नाव दगडाबाई ठेवलं, आणि लग्नात माझ्या बाबांच्या घरच्यांनी विमल केलं. इकडे माहेरात कोणी विमल म्हणून हाक मारली तर ती वळूनसुद्धा बघत नाही. मी हसले आणि लिहिलं दगडाबाई. दोन डबे झाले, एकात डाळ आणि एकात तिखट.

तू जेवत जा वेळेवर. दाजींनी जयभीम सांगितलाय.

तुझी,
राजू


पुणे
४ ऑगस्ट २०२४

प्रिय ताई,

पत्र वाचून खूप दिवसांनी हसले. मावशी म्हणजे मावशीच.

सहज विचारते, अशा आणखी किती जणी होत्या गं? म्हणजे आधी सासरी तलवाड्याकडे रक्त दिलं आणि मग पंचमीला माहेरी येऊन धारूरला परत दिलं. धारूरच्या बऱ्याच लेकी आपल्या तलवाड्याकडे दिलेल्या आहेत ना? नावं सगळ्यांचीच बदललेली असणार. शुक्रवारी पंचमी आहे, सगळ्या पुन्हा माहेरी येतील. झोक्यावर बसल्या की गप्पांत काढ विषय. शिबिराचं नाव काढू नकोस, डब्याचं काढ.

पुण्यात आम्हाला नळ्यांवर नुसते आकडे यायचे. बाईचं नाव कळू नये हा नियमच होता, आणि मला तो नियम फार आवडायचा.

फेलोशिप संपली. एका क्लासमध्ये बारावीच्या मुलांना जीवशास्त्र शिकवतेय. जाताना साहेबांनी माझं ओळखपत्र परत घेतलं, पण माझ्या लॅपटॉपवर काय आहे हे कोणी विचारलं नाही. त्यांच्या लेखी त्यात विचारण्यासारखं काही नसणार.

तुझी,
पुनी


धारूर
१५ ऑक्टोबर २०२४

प्रिय पुनी,

जयभीम. पंचमीचं काम तेव्हाच केलं होतं, पण मध्ये डेंग्यूची साथ आली आणि लिहायला बसताच आलं नाही. काल धम्मचक्र दिनाची सुट्टी मिळाली.

तर ऐक. तू म्हणालीस तसं डब्याचं काढलं आणि सगळ्या फुलल्या. जिला विचारावं तिच्याकडे दोन डबे. जानकीबाईची मधली मुलगी, सटवाच्या दोन्ही बहिणी, सगळ्या तलवाड्याकडच्या सुना. एकीनं तर तिथे नवऱ्याचं आडनाव, इथे बापाचं आणि जन्मतारीखही इथली वेगळी सांगितली, का तर माहेरी तिचं वय कमी आहे. पंचमीच्या रांगेतल्या निम्म्याहून जास्त अशाच असतील. हे तुला कशाला हवं होतं ते तू काही सांगितलं नाहीस. काही लिहीतबिहीत आहेस का?

कार्डं आली. आईला हिरवं. तिचा आनंद तू बघायला हवा होतास. प्लास्टिकच्या पिशवीत घालून पोलक्यात ठेवलंय. यंदाही ती नवनाथच्या टोळीत निघालीय. माझा भाऊ तिला नको म्हणायच्या ऐवजी मोळ्या बांधायला माणूस मिळालं म्हणून खूश. मी म्हटलं गुडघे बघ स्वतःचे. तर म्हणाली, "आता काय भ्याव हाय? गोळी खायची आन् कामाला लागायचं. मला काय होत न्हाई म्हणून लिहून दिलंय."

हिरव्या कार्डवाल्यांना मुकादम बंकट गोळ्यांची अख्खी पाकिटं देतो म्हणे, आणि त्यांची महिन्याची तपासणी करायची नाही असं वरून पत्रक आहे. तेवढंच आमचं काम कमी झालं.

तुझी,
राजू


पुणे
२७ ऑक्टोबर २०२४

प्रिय ताई,

तू मला काय दिलंयस याची तुला कल्पना नाही. दिवाळीला यायला जमणार नाही, पण माझी दिवाळी झाली.

तुझं पत्र आल्यावर मी लॅपटॉप उघडला आणि संगणकाला एकच गोष्ट विचारली की यातली कोणती दोन रक्तं एकाच बाईची आहेत. भराभर जोड्या निघत गेल्या. म्हणजे आम्ही समजत होतो की यानं तलवाड्यावर शिकून अनोळखी धारूरची परीक्षा दिली. त्याला परीक्षेत आधी बघितलेल्याच बायका परत भेटल्या होत्या. त्यानं रोग ओळखला नाही, बाई ओळखली. शिवशंकर साहेबांनी माझ्या घरातून जे चोरून नेलं त्याला आतून वाळवी लागलेली आहे आणि हे त्यांना ठाऊक नाही. त्यांना कसं ठाऊक असणार? त्यांच्या घरातल्या लेकीसुना डब्यासाठी रांगेत उभ्या राहत नाहीत.

दोनदा आलेल्या बायका वगळून, उरलेल्यांवर मी गणित पुन्हा चालवून पाहिलं. उत्तर काय आलं ते आत्ता लिहीत नाही.

तू लगेच कोणाला तरी सांगायला धावशील, म्हणून ऐक. आत्ता बोलले तर ते नियतकालिकात दोन ओळींची दुरुस्ती छापतील आणि सुटतील. जानेवारीत माजलगावात त्यांचा मोठा सत्कार आहे. एक औषध कंपनी त्यांचं गणित विकत घेणार आहे, सह्या तिथेच स्टेजवर होणार आहेत, मंत्री येणार आहेत. मला त्यांना त्या स्टेजवर चढू द्यायचंय. जितके वर चढतील तितकं बरं.

मावशीला म्हणावं, गोळ्या बेतानं खा. कार्डाबद्दल तिच्याकडे किंवा दवाखान्यात काही बोलू नकोस. हा शास्त्रातला आकड्यांचा वाद आहे, तू त्याची काळजी करू नकोस.

तुझी,
पुनी


धारूर
१८ डिसेंबर २०२४

पुनी,

जयभीम. रविवारी फडावर आईला भेटून आले. माजलगावच्या पुढे, धरणाच्या कालव्याकडेला त्यांच्या पाचटाच्या कोप्या आहेत. तिला बघितलं आणि माझ्यातली नर्स जागी झाली. तोंड सुजलेलं, डोळ्यांखाली फुगलेलं. पायावर बोट दाबलं तर खड्डा तसाच राहतो. लघवी कमी होते म्हणते. गोळ्या विचारल्या तर सकाळी दोन, दुपारी दोन, रात्री अंग ठणकलं तर आणखी. पाणी कमी पिते, कारण मोळ्या सोडून सारखं आडोशाला जायला लाज वाटते.

मी म्हटलं, आई, गोळ्या बंद कर, पुनीनंही बेतानं खा म्हणून लिहिलंय. तिनं पोलक्यातून कार्ड काढून माझ्यापुढे धरलं. "पुनीनं मशीन केलंय ना हे? मग तिच्या मशीनीचं ऐकू का तुझं ऐकू? तू नर्स हायस, ती डाक्टर हाय. लेकरानं तीन वर्स डोळे फोडून केलंय, ते खोटं असंल व्हय?"

मी नवनाथवर ओरडले. तो म्हणाला, कार्ड हिरवं आहे, मग पाय थंडीनं सुजले असतील.

आता तुला सरळ विचारते आणि तू सरळ उत्तर दे. तू म्हणालीस आकड्यांचा वाद आहे. पण आईचं हिरवं कार्ड खरं आहे का नाही? मला प्रथिनं आणि रेणू कळत नाहीत. तू नाही म्हणालीस तर मी त्याच दिवशी रजा टाकून तिला घेऊन येते, मग मुकादम काय वाटेल ते म्हणो. माझं ती ऐकत नाही, तुझं ऐकेल. त्यांच्या कोपीवर फोन लागत नाही, तू एक ओळ लिहून पाठव, मी तिला वाचून दाखवते.

राजू


पुणे
२८ डिसेंबर २०२४

प्रिय ताई,

थंडीत दिवसभर उभं राहून या वयात पाय सुजतातच. तरी गोळ्या बंद करायला सांग. कारण विचारलं तर पित्ताचं सांग. कार्डाचं नाव काढू नकोस.

तू विचारलंस ते मला समजलं. त्याचं नीट उत्तर देईन, पण एकोणीस जानेवारीनंतर. किती दिवस राहिलेत? बंकट मुकादम विठ्ठलरावांचा माणूस आहे. फडावर एका बाईनं कार्ड खोटं म्हटलं की संध्याकाळी ते बंगल्यावर पोचेल, आणि शिवशंकर साहेब सावध होऊन सगळं हळूच गुंडाळून ठेवतील. मग माझ्या हातात काही राहणार नाही. तीन वर्षं गेली, नाव गेलं, आणि त्या केबिनमध्ये मला जे ऐकावं लागलं ते तू ऐकलेलं नाहीस. मी रोज सकाळी उठून ते पुन्हा ऐकते.

मी माजलगावच्या त्या हॉलमध्ये असणार आहे. पासही मिळवलाय. संक्रांतीनंतर मावशीला आपण बीडला नेऊन सगळ्या तपासण्या करू, मी स्वतः येते. तेवढे दिवस कळ काढ.

तुझी,
पुनी


बीड
२० जानेवारी २०२५

प्रिय ताई,

तू फोन का उचलत नाहीस? काल रात्रीपासून करतेय. नवनाथचाही लागत नाही. आज मुक्काम बीडला एका मैत्रिणीकडे आहे, तिच्याकडूनच हे लिहितेय, कारण हे कोणाला तरी सांगितल्याशिवाय मला राहवणार नाही.

ताई, पडला तो. सगळ्यांसमोर पडला.

हॉल भरलेला होता. विठ्ठलराव पुढच्या रांगेत फेटा बांधून. तेजश्री स्टेजवर शालू नेसून, तिचाही सत्कार. साहेबांनी पडद्यावर माझीच चित्रं दाखवली, रंगसुद्धा मी निवडलेले. मग प्रश्नोत्तरं. मी मागून हात वर केला. माइक घेऊन येणाऱ्या पोरीला मी कोण ते माहीत नव्हतं, साहेबांना माहीत होतं, पण तोवर माइक माझ्या हातात आला होता.

मी म्हणाले, "सर, आपल्या तलवाड्याच्या यादीतली विमलबाई आणि धारूरच्या यादीतली दगडाबाई या दोन बायका आहेत का एक?"

ते म्हणाले, यादीत नावं नसतात, नियम आहे.

मी म्हणाले, "म्हणूनच तुम्हाला कळलं नाही. ती एकच बाई आहे. सासरी विमल, माहेरी दगडाबाई. तुमच्या परीक्षेतल्या निम्म्याहून जास्त बायका अशाच आहेत. त्यांना वगळलं तर तुमच्या गणिताचं उत्तर आणि नाणं उडवून मिळालेलं उत्तर यात फरक राहत नाही. मी ते करून पाहिलंय, आणि कंपनीच्या साहेबांसाठी छापूनही आणलंय."

विठ्ठलराव मागे वळून म्हणाले, "कोण हाय ही? खाली बसवा रे तिला." कोणी बसवलं नाही, कारण कंपनीचा माणूस उठून माझ्याकडे आला आणि त्यानं कागद घेतले. तिथेच उभ्यानं वाचले. सह्यांची फाइल त्यानं मिटून बॅगेत टाकली. तेजश्री स्टेजवरच रडायला लागली. साहेब माइकवर म्हणाले, "हे गणित मुळात हिनंच..." आणि तिथेच थांबले, कारण पुढे काय म्हणणार? छापलेल्या कागदावर माझं नाव नाही. मी म्हणाले, "सर, मी फक्त तांत्रिक मदत केली. गणित आपलं आहे." लोक हसले. त्यातले काही तर त्यांच्याच जातीचे, त्यांच्याच कारखान्याचे सभासद होते.

किती महिन्यांनी काल मी पोटभर जेवले. आता चौकशी होईल, निबंध मागे घेतला जाईल. नाव त्यांचं आहे, तर चूकही त्यांचीच. मी यातून मोकळी आहे.

मावशीला सांग, तिचं दोन्ही नावांनी सभेत नाव घेतलं मी. तिला फार आवडेल. परवा धारूरला येते, मग तिला तपासायला नेऊ.

तुझी,
पुनी


बीड
१२ मार्च २०२५

पौर्णिमा,

तू परवा येते म्हणालीस आणि मी फोनवर नको म्हणाले, बास इतकंच बोलले. त्यानंतर तुझे फोन घेतले नाहीत. आज लिहितेय.

तू त्या हॉलमध्ये माइक धरून उभी होतीस त्याच्या दोन दिवस आधी आई फडात मोळी उचलताना पडली. नवनाथ तिला उसाच्या ट्रॅक्टरवर घालून आमच्या दवाखान्यात घेऊन आला. तिथून बीडला. दोन्ही मूत्रपिंडं गेलीत. आता आठवड्यातून दोनदा मशीनवर रक्त साफ करून घ्यावं लागतं, आणि ते आता कायमचं. इथल्या डॉक्टरांनी सगळं विचारून घेतलं आणि मला म्हणाले, सिस्टर, गोळ्या दिवाळीत थांबल्या असत्या तर ही वेळ आली नसती. मी सिस्टर आहे, म्हणून मला जास्त लागलं.

पित्ताचं कारण सांगून गोळ्या सोडवायला मी गेले होते, तुझ्या पत्रानंतर लगेच गेले. ती म्हणाली पित्त होत असेल तर गोळीबरोबर भाकरी खाईन. आणि कार्ड दाखवलं. कार्ड खोटं आहे ही एक ओळ तिला हवी होती, आणि ती फक्त तुझ्याकडून चालणार होती. तुला ऑक्टोबरपासून माहीत होतं. मी डिसेंबरात सरळ विचारलं तरी तू मला तारीख दिलीस.

शिवशंकरनं तुझं वाईट केलं. त्याच्या त्या वाक्यावर माझं रक्त अजून तापतं. त्याला तू पाडलंस याचं मला काही वाईट वाटत नाही. पण तू त्याला पाडायला जे अंतर मोजलंस ते माझ्या आईच्या अंगावरून मोजलंस. तिच्यासारख्या आणखी चार बायका या वॉर्डात आहेत. चौघींच्या पोलक्यात हिरवी कार्डं होती.

गेल्या आठवड्यात चौकशी समितीची माणसं धारूरला आली होती. मला विचारलं, नावं तुम्हीच लिहिली का? मी म्हणाले, हो, आणि हसत लिहिली. मग त्यांनी विचारलं, ही चूक पहिल्यांदा कोणाच्या लक्षात आली? मी म्हणाले, जिनं हे गणित बनवलं तिच्या. ते म्हणाले, ते तर डॉक्टर शिवशंकर यांनी बनवलंय. मी म्हणाले, नाही. पौर्णिमानं बनवलंय, पूर्ण तिनंच, तीन वर्षं. तिचं नाव नीट लिहून घ्या. आणि तिला हे दिवाळीच्या आधीपासून माहीत होतं, तेही लिहा. त्यांनी लिहून घेतलं आणि मला वाचून दाखवलं. तुझी पत्रं मी दाखवली नाहीत. त्यांची गरज नव्हती, मी बोलले तेवढं पुरे झालं. तू तिथे हॉलमध्ये जे नाकारलंस ते आता तुझ्या नावावर आहे. मी ते रागानंच केलं आणि मला त्याचा पस्तावा नाही.

आईला यातलं काहीच माहीत नाही. नवनाथनं तिला सभेचं सांगितलं, त्याला कोणीतरी मोबाइलवर दाखवलं होतं. तेव्हापासून ती शेजारच्या खाटेवरच्या बायांना सांगते, "माझ्या पुनीनं त्या मोठ्या माणसाला भर सभेत गप बसवलं. माझं नाव घेतलं तिनं, दोन्ही नावं घेतली." डायलिसिसची सुई टोचताना हात ताठ धरते आणि तुझंच सांगत असते. कार्ड खोटं निघालं हे तिला कळलंय, पण तिला वाटतं ते शिवशंकरनं बिघडवलं. पुनीला कळलं त्याच दिवशी तिनं सांगितलं असतं, असं ती म्हणते.

मी तिला खोटं पाडलेलं नाही. कितीदा तोंडावर आलं आणि गिळलं. ते माझं काम नाही, तुझं आहे. मंगळवारी आणि शुक्रवारी सकाळी ती मशीनवर असते. तेवढा वेळ पडून राहते, कुठे जात नाही, आणि बोलायला कोणीतरी हवं असतं. ये आणि तिच्या शेजारी बसून तुझ्या तोंडानं सांग. मी बाहेर बाकावर बसेन.

राजश्री